पहिला भाग बाहेर गेलाय

नवतपा सुरू होता. दुपारी दोनच्या उन्हात नागपुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. कूलरसमोर चटई टाकून मी डोळे मिटून पडले होते. झोप काही लागत नव्हती, नुसती पडले होते. तेवढ्यात पुस्तकांच्या कपाटापाशी उभ्या भाचीनं हाक मारली, "मावशी, या टेरी प्रॅचेटचं कोणतं आधी वाचू? एक्केचाळीस आहेत म्हणते याची!"

"पहिल्यापासून," मी डोळे न उघडता म्हणाले.

विचार करून म्हणाले असं नाही. शिंक यावी तसं ते आलं. मग डोळे उघडले आणि लक्षात आलं, की आपण या पोरीला चुकीचा सल्ला दिला. या इंग्रज लेखकाच्या चाहत्यांचं आपसात कशावरही जमत नाही, पण पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका, हे बहुतेक सगळेच सांगतात.

'डिस्कवर्ल्ड' या एका मालिकेत त्याच्या ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली, 'द कलर ऑफ मॅजिक', १९८३ ची. जग बशीसारखं चपटं, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर आणि कासव अंतराळात संथ पोहत चाललेलं. इंग्रज वाचकाला हे वाचून काय वाटत असेल ते असो, आपल्याला माहेरी आल्यासारखं वाटतं. आठ दिग्गजांचे चार केले, एवढाच काय तो काटकसरीचा भाग. आणि कासवाचं म्हणाल तर आपण देवळात शिरताना देवाच्या आधी त्यालाच नमस्कार करतो.

भाचीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. कुणीतरी या पुस्तकांचा नकाशा काढला होता. चेटकिणींची एक रेघ, शहरातल्या पहारेकऱ्यांची दुसरी, मृत्यूची तिसरी, पळपुट्या जादूगाराची चौथी, आणि मधे आडवेतिडवे बाण. आपल्या मेट्रोच्या नकाशाला मी हसायचे. तिथे निदान दोनच रेघा आहेत, ऑरेंज आणि ॲक्वा, आणि सीताबर्डीला गाडी बदलली की झालं. इथे बर्डीच सापडेना.

"आता यात चढू कुठून?" ती म्हणाली.

हा प्रश्न आमच्या लहानपणी नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार या नायकाच्या कथा कुठून सुरू करू, असं कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही. जी हाताला लागेल ती. महालातल्या आमच्या वाड्यापासून चार घरं सोडून एक वाचनालय होतं. तिथले काका पुस्तकाकडे न बघता नुसत्या वासानं सांगायचे, कोणतं आत आहे आणि कोणतं बाहेर. मायावी किल्ले, उडते घोडे, शापित राजकन्या असल्या कादंबऱ्या भागाभागांत असायच्या, आणि पहिला भाग कधीही जागेवर नसायचा. "पहिला बाहेर गेलाय. तिसरा घे, नाहीतर घरी जा."

मी घरी जायची. माझी मैत्रीण तिसरा घ्यायची. ती तिसरा, पाचवा, दुसरा असं करत अख्खी सुट्टी उडत्या घोड्यावर काढायची आणि मी अंगणात सांडग्यांची राखण करत पहिल्या भागाची वाट बघायची. एका उन्हाळ्यात तो आला एकदाचा. पाचव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'दिवाणजीच राक्षस आहे.' तरी मी सहाव्या पानावर गेले. क्रमानं.

हे खूळ बाबांचं. बाबा गणित शिकवायचे. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने', सगळं वाचायचे. आधी शेवटचं शुद्धिपत्र काढून पुस्तकभर पेन्सिलीनं दुरुस्त्या करायचे आणि मगच गोष्टीला हात लावायचे. मधून वाचणाऱ्या माणसाला ते मधून जेवणारा म्हणत. म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण शिवी मोठी होती.

त्यांच्याकडे महाभारताचे मराठी खंड होते. आजीचं म्हणणं, संपूर्ण महाभारत घरात ठेवलं की घरात भांडणं लागतात. बाबांनी वाद घातला (म्हणजे भांडणं लागली होतीच), आणि शेवटी तडजोड अशी निघाली, की एक खंड शेजारच्या काकूंकडे ठेवायचा. आजीला अक्षरओळख नव्हती. तिनं ढिगातला सगळ्यात वरचा उचलला आणि देऊन आली. तो पहिला होता. आदिपर्व. तेव्हापासून बाबांना महाभारत सुरू करायचं असलं की चपला घालून शेजारी जावं लागे. आजीला स्वतःला या सगळ्याची गरजच नव्हती. तिचं महाभारत देवळातल्या कीर्तनात पाठ झालेलं, आणि ते थेट द्यूतापासून सुरू व्हायचं. शंतनू कोण, हे तिला बहुधा पुढे कधीतरी कळलं असेल, आणि त्यानं तिचं काही बिघडलं नाही.

तर प्रॅचेट. नोकरीच्या पहिल्या वर्षी बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'स्मॉल गॉड्स' मिळालं. कासवासाठी घेतलं. घरी आल्यावर कळलं, की हे मालिकेतलं मधलंच कुठलं तरी आहे, आणि मी ते चार वर्षं वाचलं नाही. नुसतं ठेवलं. मग पहिलं मिळवलं, वाचलं, आणि एवढं कौतुक कशाचं चाललंय ते कळेना. तलवारी आणि मंत्रतंत्रांच्या कादंबऱ्यांची ती टिंगल आहे; ज्या कादंबऱ्यांची टिंगल, त्याच आपण वाचलेल्या नाहीत. लग्नात दुसऱ्याच्या मित्रांमध्ये बसल्यासारखं झालं. लेखकाला आपला सूर तेव्हा सापडायचा होता, आणि मी क्रमाच्या हट्टापायी त्याची तालीम बघायला जाऊन बसले होते.

'स्मॉल गॉड्स' नंतर वाचलं तेव्हा स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. त्यात ओम नावाचा एक मोठा देव आहे. बैलाचं भव्य रूप घेऊन अवतरायला जातो आणि होतो चुकून कासव. का, तर त्याच्या नावानं देवळं आहेत, पुजारी आहेत, छळ करणारी खाती आहेत, पण त्याला खरोखर मानणारा एकच भाबडा पोरगा उरलाय. भक्त जेवढा, तेवढा देव. हे पुस्तक १९९२ चं, मागचंपुढचं काहीही न वाचता कुणालाही वाचता येतं. मी ते चार वर्षं उशीजवळ ठेवून झोपत होते.

आणि त्याचा मृत्यू! म्हणजे पात्र. सांगाडा, हातात कोयता, पांढरा घोडा, घोड्याचं नाव बिंकी. मांजरी आवडतात, चमचमीत खाणंही आवडतं. इकडे आला असता तर आपलं काम बाजूला ठेवून आधी सावजीत जाऊन बसला असता. हा मृत्यू सगळं मोठ्या लिपीत बोलतो, अवतरणचिन्हांशिवाय. मराठीत त्याला कसं बोलवायचं, यावर मी कित्येक दुपारी घालवल्यात. आपल्याकडे मोठी-लहान अक्षरंच नाहीत. ठळक टाइप केला तर जाहिरात वाटते. एकदा वहीत त्याचं एक वाक्य शिरोरेघ न देता लिहून पाहिलं. मृत्यू गुजराती बोलायला लागला. तिथे तो नाद सोडला.

भाचीला मात्र यातलं काही न सांगता म्हणाले, "काढ कोणतंही." नागपूरकरानं सुरुवातीचा विषय निघाल्यावर झीरो माइलचं नाव न घेणं म्हणजे पाप, म्हणून तेही सांगितलं. चार घोडे आणि खांब, तिथून गावांची अंतरं मोजली, पण गावाला निघताना आधी तिथं जाऊन कोण उभं राहतं? प्रत्येक जण आपल्या दारातूनच निघतो. मला वाटलं, मी बरंच चांगलं बोलले. तिचं लक्ष नव्हतं. तिनं 'मॉर्ट' काढलं होतं, मृत्यू शिकाऊ उमेदवार नेमतो ते, आणि पलंगावर पालथी पडून कुठलंतरी पान उघडलं होतं.

"अगं, निदान पहिल्या पानापासून तरी वाच!"

"थांब ना मावशी, मधातून पाहून राहिली न मी. आवडलं तर मग जाते ना मागं."

हिला कुणी मधून जेवणारी म्हणायला उरलं नाही.

प्रॅचेटनं डिसेंबर २००७ मध्ये जाहीर केलं, की त्याला अल्झायमर झालाय. तेव्हा तो साठीलाही पोचला नव्हता. टाइप करणं जमेना तेव्हा तो बोलून लिहू लागला, आणि तसंही बरंच लिहिलं. १२ मार्च २०१५ ला गेला. एक्केचाळिसावं त्यानंतर निघालं.

बाबांचंही तेच दुखणं. आजी गेल्यावर शेजारच्या काकूंनी आदिपर्व परत आणून दिलं होतं. महाभारत घरात संपूर्ण झालं, पण भांडायला घरात माणसंच उरली नव्हती. शेवटच्या दोन वर्षांत बाबा रोज दुपारी तो पहिला खंड मागायचे. पहिलं पान. नैमिषारण्यात यज्ञ चाललाय, कथा सांगणारे सौती येतात, ऋषी त्यांना आसन देतात, कुठून आलात विचारतात. तिथे बाबांचा डोळा लागायचा. दुसऱ्या दिवशी सौती पुन्हा यायचे.

एकदा मला वाटलं, निदान पुढचं काही तरी त्यांच्या कानावर पडू दे. मी मधलं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग एकेक पान मागे उलटत, न कंटाळता, आरंभापर्यंत गेले. आणि माझ्याकडे न बघता, वर्गात म्हणावं तसं स्वच्छ म्हणाले, "पहिल्यापासून."

कूलरचा पंप कोरडा घरघरायला लागला. भाचीला म्हटलं, ऊठ, पाणी टाक. ती म्हणाली, एवढं पान होऊ दे.