हिमोग्लोबिन 8.4 आणि आधारवरचा बाबांचा नंबर

चौथ्या महिन्यात उपकेंद्रात नर्सबाईंनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला. मशीनवर आकडा आला 8.4. गरोदरपणी 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, 7 च्या खाली गेलं तर थेट मोठ्या दवाखान्यात पाठवतात. नोंदणी, कार्ड, लोहाच्या दिवसाला दोन लाल गोळ्या, सगळं एका सकाळीच उरकलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही तेव्हाच झाली. आपल्या धुळे-नंदुरबारकडे ती टाळू नका, कारण तो आजार निघाला तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या लागतात.

अडला तो अंगणवाडीचा आहार. दोन महिने अडला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जुलै 2025 पासून आहाराची पाकिटं घ्यायची तर अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये चेहरा जुळावा लागतो. त्याआधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि त्याचा ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. माझ्या आधारवर नंबर बाबांचा, तोही कधीच बंद पडलेला. सेविकाताईंनी तीन वेळा खटपट केली. शेवटी म्हणाल्या, "पाकिटं माझ्यासमोर पडलीयेत गं, पण ॲप पुढेच जात नाही."

मग आधार केंद्र. पहिल्या दिवशी टोकन संपलेले. दुसऱ्या खेपेला तिथला माणूस म्हणाला, कार्डावर माहेरचं नाव आहे, लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणा. तो काढण्यात आठवडा गेला. दाखला घेऊन गेले तर सर्व्हर बंद, "सोमवारी या". पाचवा महिना, एसटीत उभं राहून प्रवास, वर जिना. अर्ध्यात आले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, कठडा धरून थांबायचे. रक्त भरावं म्हणून जो आहार, त्याच्यासाठी रक्त कमी असलेल्या बाईने चकरा मारायच्या!

आणि खरी गोष्ट नंतर कळली. नुसता मोबाइल नंबर बदलायला कुठलाच कागद लागत नाही. कागद लागतो नाव, पत्ता बदलायला. मला नाव बदलायचंच नव्हतं. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझा आठवडा वाचला असता.

सुटका केली आमच्या पोस्टमनभाऊंनी. पोस्ट पेमेंट्स बँकेकडून ते आधारचा नंबर घरी येऊन बदलून देतात, हे गावात कुणाला माहीतच नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी यंत्र काढलं. माझी बोटं कापूस वेचून बोंडांनी चिरलेली, अंगठा काही उमटेना. सासूबाईंनी ओलं फडकं आणलं, एकेक बोट पुसून दिलं. चौथ्या बोटाला हिरवा दिवा लागला. काही दिवसांनी ओटीपी माझ्या फोनवर आला तेव्हा मी तो मोठ्याने वाचला.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. घाबरून चार दिवस बंद केल्या, तसं करू नका. रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घेतल्या तर सोसतात. चहा तासभर आधी नाही, नंतरही नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. सासूबाई आधी म्हणायच्या, "गोया नको खाऊ, पोर मोठं व्हई." नर्सबाईंनी घरी येऊन समजावलं, तेव्हापासून रात्री त्याच आठवण करतात. बाजरीची भाकरी, शेवग्याचा पाला, अंबाडी हे त्यांनीच सुरू केलं.

माझी नणंद धडगावला आहे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत शेवटच्या तिमाहीत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं, 2015 पासून. आमचं गाव त्यात नाही, म्हणून पाकिटांवर इतका जीव.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची मोफत तपासणी असते. आठव्या महिन्यात तिथे आकडा आला 10.8. कार्डावर तो लिहिला जाईपर्यंत मी उठलेच नाही.

परवा शेजारच्या वहिनींना तिसरा लागला. मी आधी त्यांचं आधार मागितलं. नंबर त्यांच्या भावाचा निघाला. पोस्टमनभाऊंना सांगून ठेवलंय, गुरुवारी येतील.