मालदीवचा व्हिला आणि सीप्लेनच्या यादीत नसलेली आमची नावं

मालदीवहून परतून दीड महिना झाला, तरी तिथल्या सीप्लेनच्या, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाच्या, काउंटरसमोरची दुपार डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून काढतेय. कुणी आईवडिलांना घेऊन जाणार असेल तर व्हिलाचे फोटो नंतर बघा. राजधानी मालेच्या विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटापर्यंत कसं पोचायचं, ते आधी विचारा.

आम्ही तिघं होतो: नवरा, मी आणि माझी आई. आईला सत्तर पूर्ण झाली, म्हणून चार रात्रींसाठी बा अटॉलमधला (अटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं आणि त्यावरची बेटं) दोन खोल्यांचा बीच व्हिला घेतला होता. वॉटर व्हिला मुद्दाम टाळला. तिथे पाण्यात उतरायला उभ्या पायऱ्या असतात आणि जेवायला जाताना लांबच लांब लाकडी पूल चालावा लागतो. बुकिंग एका ऑनलाइन कंपनीकडून केलं. व्हाउचरवर स्पष्ट छापलं होतं, ‘सीप्लेन ट्रान्सफर समाविष्ट’. त्या एका ओळीवर मी विसंबले.

मालदीवमध्ये साधारणपणे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. त्यामुळे विमानतळाबाहेर पडून दुसरी एखादी गाडी करून जाऊ, असं काही तिथे चालत नाही. रिसॉर्ट ज्या विमानात किंवा बोटीत बसवेल त्यातूनच जायचं. त्यातही सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. वैमानिक डोळ्यांनी बघून पाण्यावर उतरवतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या आत शेवटच्या बेटावर पोचता येईल अशीच उड्डाणं लावतात. आपलं विमान दुपारी साडेतीनच्या पुढे उतरत असेल तर त्या दिवशी सीप्लेन मिळेल हे गृहीत धरू नका. आमचं तर दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी उतरलं. वेळेवर, अगदी व्यवस्थित. इमिग्रेशन पंधरा मिनिटांत झालं.

अडीच वाजता आम्ही काउंटरवर उभे होतो. तिथल्या मुलानं यादी पाहिली, पुन्हा पाहिली आणि म्हणाला, तुमची नावं यात नाहीत.

सीप्लेनला आपल्या नेहमीच्या विमानासारखं पक्कं वेळापत्रक नसतं. उद्या कोण कुठल्या विमानानं येतंय याची माहिती रिसॉर्ट पाठवतं, त्यावरून आदल्या संध्याकाळी कुठलं सीप्लेन कुठल्या बेटांवरून जाणार ते ठरतं. पंधरा-सोळा जणांचं ट्विन ऑटर नावाचं छोटं विमान असतं, वाटेत दोन-तीन बेटांवर थांबतं. म्हणजे आपला फ्लाइट नंबर रिसॉर्टला दोन-तीन दिवस आधी कळलाच पाहिजे. आमचा कळलाच नव्हता. मी तो कंपनीला तीनदा पाठवला होता. बुकिंग करताना, तिकीट हातात आल्यावर आणि निघायच्या पाच दिवस आधी. तिन्ही वेळा ‘तुमची माहिती नोंदवली आहे’ असं उत्तर आलं होतं. तिन्ही ईमेल मी त्या मुलाला दाखवले. त्यानं शांतपणे वाचले आणि रिसॉर्टला फोन लावला. रिसॉर्ट म्हणालं, आम्हाला कंपनीकडून फक्त नावं आणि तारखा आल्या. मग मी कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत बावीस मिनिटं गेली आणि शेवटी एक बाई म्हणाल्या, ट्रान्सफरचं रिसॉर्टशी थेट बोला. मी त्यांना म्हटलं, अहो, पैसे तुम्ही घेतलेत, व्हाउचर तुमचं आहे. त्या म्हणाल्या, तक्रार नोंदवते. फोन बंद.

काउंटरवरच्या मुलाबद्दल मात्र माझ्या मनात राग नाही. चूक त्याची नव्हती आणि धडपड तोच करत होता. पावणेचारला तो धावत आला: आमच्याच बाजूला जाणाऱ्या एका सीप्लेनमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. दोन. आई लगेच म्हणाली, “तुम्ही दोघं जा, मी इथे बसते. उद्या येईन.” परक्या देशात, भाषा येत नसताना, हातात गोळ्यांची पिशवी घेऊन माझी आई हे म्हणत होती. तेव्हा मला रडूच आलं. नवरा म्हणाला, तू आणि आई जा, मी मागून येतो. पण सामान एकत्र होतं, पासपोर्टची फाइल एकच होती आणि उद्याची जागा कुणीही लिहून द्यायला तयार नव्हतं. आम्ही नाही म्हटलं. सव्वाचारला आमच्या दिशेचं शेवटचं सीप्लेन गेलं.

दुसरा रस्ता होता, हे मला तिथे उभं असताना कळलं. बा अटॉलमध्येच धरवंधू नावाच्या बेटावर देशांतर्गत विमानतळ आहे. मालेहून तिथे वीसेक मिनिटांचं विमान आणि पुढे स्पीडबोट. हे विमान अंधारातही उडतं. त्या संध्याकाळचं भरलेलं होतं. महिनाभर आधी कंपनीनं हा पर्याय सांगितला असता तर मी डोळे झाकून तोच घेतला असता. बुकिंग करताना एवढं नक्की विचारा: रिसॉर्टजवळ विमानतळ आहे का, आणि सीप्लेन चुकलं तर रात्रीचा खर्च कोणाचा?

आमच्या बाबतीत तो आमचा झाला. हुलहुमालेत तीन जणांची खोली ११८ डॉलरला मिळाली. विमानतळावरून रस्त्यानंच जाता येतं, टॅक्सीनं दहा मिनिटं. आणि ज्या व्हिलाचे त्या रात्रीचे पैसे आधीच भरले होते, तो तिकडे रिकामा. आई मात्र खिडकीतून समुद्र बघत म्हणाली, “इथेही समुद्रच आहे की.” तिला वाईट वाटू नये म्हणून मी हसले.

सकाळी सहाला पुन्हा टर्मिनलवर. या वेळी यादीत नावं होती, मी स्वतः बोट ठेवून वाचली. सामानाचं वजन होतं: माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. आमचं बसलं. अनवाणी वैमानिक बघून आई थक्क झाली. मग खाली ती गोल निळी कडी दिसू लागली, एकात एक, मध्येच पांढरा ठिपका, आणि पस्तीस मिनिटं आमच्यापैकी कुणी बोललं नाही. अटॉल हा शब्दच मुळी इथल्या धिवेही भाषेतला आहे, ते तेव्हा पटलं.

व्हिला सुंदर होता. याहून जास्त लिहीत नाही, कारण फोटोत दिसतं तसंच होतं. पायाखालची वाळू दुपारीही तापत नाही, हे फोटोत दिसत नाही. आईनं गुडघाभर पाण्यात उभं राहून शार्कची पिल्लं पाहिली, रोज.

आता आठवेल तसं सांगते. रिसॉर्टचं घड्याळ बऱ्याच ठिकाणी मालेपेक्षा एक तास पुढे असतं, संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून. परतीच्या सीप्लेनची वेळ कुठल्या घड्याळाची, ते विचारून घ्या. आम्ही त्या गोंधळात नाश्ता न करता जेट्टीवर तासभर आधी जाऊन बसलो होतो. दरापुढे दोन अधिकचिन्हं असतील तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०० डॉलरचं जेवण १२८ डॉलर ७० सेंटला पडतं. शिवाय माणशी रोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स, आमचा तो तिथेच निघताना भरायचा होता. व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण इमुगाचा, म्हणजे मालदीव सरकारच्या वेबसाइटवरचा प्रवाशांचा, फॉर्म प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरावा लागतो, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका, देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी केलं नाही: फ्लाइट नंबर रिसॉर्टच्या आरक्षण विभागाला स्वतः ईमेल करा आणि ‘सीप्लेनमध्ये जागा पक्की’ असं उत्तर माणसाकडून येईपर्यंत पाठ सोडू नका. आपोआप आलेलं उत्तर धरू नका.

कंपनीनं अजून त्या रात्रीचे पैसे दिलेले नाहीत. रिसॉर्टनं लेखी कळवलं आहे की आमच्या विमानाची माहिती त्यांच्याकडे आलीच नव्हती. परवा चौथं पत्र पाठवलं. त्याला ते उत्तर, माझे तिन्ही ईमेल आणि हुलहुमालेच्या हॉटेलची पावती जोडली आहे.