दौलताबादच्या मिनाराचं तिकीट

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पाकिटांची गड्डी सापडली, तिथून हे सगळं सुरू झालं. पाकिटं निजामाच्या टपालातली. आमचं परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात. संस्थानाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. १९५० साली ते टपाल भारतीय टपाल खात्यात विलीन झालं.

त्या तिकिटांची १९३१ ची मालिका मला फार आवडते. एक आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. आपल्या मराठवाड्यातल्या दोन जागा निजामाच्या तिकिटावर! माझ्याकडच्या गड्डीत एक आण्याची तिकिटं भरपूर होती, पण हीच दोन नव्हती. रुपयाचं तिकीट साध्या पत्राला कधी लागायचंच नाही, मग ते घरच्या पत्रांत कुठून असणार?

तिकिटं सोडवायला मी कोमट पाण्याचं घमेलं भरून ठेवलं होतं. त्याआधी सहज पाकिटांचे फोटो नांदेडच्या एका काकांना पाठवले. टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात आमची तोंडओळख झाली होती. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. "अरे लेकरा, पाण्यात घालू नको! अख्खं पाकीट ठेव." मग शांतपणे समजावून सांगितलं, की एक आण्याचं तिकीट कुठंही मिळतं, पण त्यावर सेलूचा शिक्का आहे, मागे पोचल्याचा शिक्का आहे, पत्ता मोडी लिपीत आहे. सोडवलं की ते नुसतं तिकीट उरतं. उर्दू शिक्के त्यांनीच मला एकेक करून वाचून दाखवले.

काकांनी लातूरच्या एका ताईंचा आणि हैदराबादच्या एका निवृत्त शिक्षकांचा पत्ता दिला. वर ताकीद दिली, "आधी पत्र लिही. तुझ्याकडं डबल काय आहे, हवं काय आहे, आणि तिकिटाचा दोष असेल तर तो आधी सांग." कडेचा दात तुटलाय का, मागून कागद पातळ झालाय का, कोपरा दुमडलाय का, हे सगळं लिहायचं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी मागची बाजू दाखवायचीच.

लातूरच्या ताईंनी पहिल्याच वेळी 'पसंतीवर' बारा तिकिटं धाडली. पारदर्शक कागदी पाकिटात, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं किंमत. हवी ती ठेवायची, बाकीची पैशासकट परत करायची. सही नाही, पावती नाही, मला कधी पाहिलेलं नाही. त्यातच अजिंठ्याचं आठ आण्यांचं तिकीट होतं! पूर्वी ही देवघेव रजिस्टरनं चाले. २०२५ मध्ये रजिस्टर स्पीड पोस्टातच मिसळलं, म्हणून आता स्पीड पोस्ट.

मधे एकदा मी फसलो. परराज्यातल्या एका विक्रेत्यानं रुपयाच्या तिकिटाचे पैसे आधी घेतले आणि मागून डाग लपवलेलं, दुरुस्त केलेलं तिकीट पाठवलं. नंतर फोनच उचलला नाही. ताईंना सांगितलं, तर त्यांनी त्याच दिवशी ओळखीच्या सगळ्यांना कळवलं. पैसे गेले ते गेलेच, पण निदान दुसरं कुणी त्यात अडकलं नाही.

शेवटी हैदराबादच्या सरांकडं ते रुपयाचं तिकीट निघालं. विकायचं नव्हतं. त्यांना बदल्यात जिंतूरचा शिक्का असलेलं पाकीट हवं होतं, कारण जिंतूर त्यांच्या आईचं माहेर. माझ्या गड्डीत जिंतूर नव्हतं. मी तिथल्या ओळखीच्या दुकानदारांना विचारत राहिलो. एका जुन्या किराणा दुकानात तारेला ओवलेल्या कागदांत एक पाकीट मिळालं. तारेचं भोक पत्त्यातून गेलं होतं, शिक्का मात्र शाबूत. भोकाचं आधीच कळवलं. सरांचं उत्तर आलं, "भोक असू द्या."

आठ दिवसांनी मिनार आला. चारी बाजूंचे दात पूर्ण, शिक्क्याची कड फक्त पायथ्याला लागलेली. सोबत दोन पानी पत्र. जिंतूरच्या जुन्या टपाल कचेरीची इमारत अजून उभी आहे का, एवढं बघून कळवाल का, असं त्यांनी विचारलंय. या रविवारी सकाळच्या एसटीनं निघतोय.