नवव्या प्रश्नावर अडलेले पाच महिने

जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांत नैराश्याची लक्षणे किती आढळतात, हा माझ्या फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता. विषय ठरला, मार्गदर्शक मॅडमनी सिनॉप्सिसवर (संशोधनाच्या आराखड्यावर) सही केली, रुग्णसंख्याही संख्याशास्त्राच्या सरांनी एका बैठकीत काढून दिली. याविषयी सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते रुग्णांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या संस्थेच्या एथिक्स कमिटीविषयी, कारण तिथे माझे पाच महिने गेले आणि त्यांतले निदान तीन वाचू शकले असते असे मला आजही वाटते.

मी नैराश्याची लक्षणे मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली निवडली होती. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी हवी असे मानतात. ती वापरायला पैसे लागत नाहीत आणि ओपीडीच्या गर्दीतही भरून होते. अडचण झाली ती नवव्या प्रश्नाची, कारण मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हे त्यात विचारले आहे. कमिटीचे पत्र सहा आठवड्यांनी आले आणि त्यात एकच ओळ होती: ‘प्रश्न क्र. ९ मधील जोखमीबाबत खुलासा करावा.’ खुलासा कसला, हे कुठेही लिहिलेले नव्हते. असा प्रश्न विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढतात असे संशोधनात दिसलेले नाही, हे मी दोन पाने भरून लिहिले. पुढच्या बैठकीत ती पाने उघडलीच गेली नाहीत, कारण आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बैठकीला किमान पाच सदस्य आणि त्यांत एक तरी संस्थेबाहेरचा लागतो, आणि बाहेरचे वकीलसाहेब त्या दिवशी कोर्टात अडकले होते. त्यानंतरच्या बैठकीत खुलासा ‘अपुरा’ ठरला.

नववा प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ वापर, तीही मान्य आहे, असे मॅडमनी सुचवले. मी ऐकले नाही. वर्षानुवर्षे दुखणे सोसणारी बाई ‘जीव नकोसा झालाय’ असे उपचाराच्या टेबलावर सहज बोलून जाते आणि आपण ते ऐकून हॉट पॅक ठेवतो. मग तेच कागदावर विचारायला का बिचकावे, असा माझा हट्ट होता. त्यात थोडा अहंकारही होता, हे कबूल करते.

शेवटी सदस्य-सचिवांच्या खोलीबाहेर दीड तास बसून त्यांना गाठले. त्यांना पुरावा नकोच होता. ‘उत्तर शून्याच्या वर गेले तर त्याच दिवशी तुम्ही काय करणार?’ एवढेच त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. राग एवढाच की हे वाक्य पहिल्या पत्रातही मावले असते. मग चार दिवसांत काम झाले. अशा रुग्णाला मी स्वतः सोबत जाऊन त्याच दिवशी मानसोपचार ओपीडीत दाखवीन, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून देईन, आणि जिवाला धोका दिसल्यास गोपनीयता मोडावी लागेल हे संमतिपत्रातच सांगेन, असे लिहून त्यावर मानसोपचार विभागप्रमुखांचे संमतीचे पत्र जोडले. तुमच्या प्रश्नावलीत असा एकही प्रश्न असेल, तर हे पत्र पहिल्याच अर्जाला जोडा.

माहितीपत्रकाच्या शीर्षकात मी आधी ‘मानसिक आजार’ असे लिहिले होते, ते वाचून एका आजींचा मुलगा ‘आई वेडी नाही आमची’ म्हणत निघून गेला. हे परवानगीनंतरचे, आणि शीर्षक बदलायचे तर पुन्हा कमिटीकडेच जावे लागते. मन लपवून फक्त कंबर लिहिणे योग्य नव्हते, म्हणून ‘कंबरदुखी आणि मनावरचा ताण, उदासी’ असे केले. त्यानंतर कोणी उठून गेले नाही. संमतिपत्रावर अंगठा देणाऱ्या रुग्णासाठी साक्षीदार संशोधनाशी संबंध नसलेला लागतो. आमच्याकडे शेजारच्या रांगेतले नातेवाईक बहुधा तयार होत.

आणि एक राहिलेच: मराठी व इंग्रजी संमतिपत्रांवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख एकच आहे का, हे जमा करण्यापूर्वी पाहा. माझ्या मराठी प्रतीवर जुनी तारीख राहिली होती, आणि मंजुरीचे पत्र त्यापायी आणखी अकरा दिवस टेबलावर पडून होते.