मागच्या दारानं

मुंबईतली शंभरेक हॉटेलं मला पाठ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचं मेनूकार्ड मी कधी हातात धरलेलं नाही. हॉटेलच्या किचनमधली मशिनरी दुरुस्त करणं हा माझा धंदा. वेट ग्राइंडर, बटाटे सोलायचं मशीन, कणीक मळायचं मशीन, डीप फ्रीझर. आम्हा लोकांना पुढच्या दारानं कुणी घेत नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही. खांद्याला ग्रीसनं माखलेली पिशवी असते. गल्लीत शिरायचं, रिकामे सिलिंडर आणि कांद्याची पोती ओलांडायची, की आपण थेट मोरीपाशी. मोरी बघितली की हॉटेल कळतं. दुसरं बघायचं ते स्टाफचं जेवण. जिथला आचारी स्वतःच्याच कढईतलं खातो तिथं गिऱ्हाइकानं निर्धास्त बसावं. जिथं स्टाफला बाहेरून डबे येतात तिथं मी पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं पितो.

गेल्या जुलैत हे सगळं मी भाच्याला शिकवत होतो. थोरल्या ताईचा मुलगा, जतचा. आयटीआय करून त्याआधी चार महिने माझ्याकडं आला, ठाण्यापुढं दिव्याला माझ्याच खोलीवर राहतो. कामाला वाघ, पण मुंबई काही त्याच्या पोटात उतरेना. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी, रात्री पुडीतल्या नूडल्स. कधी कुठं बसून खा म्हटलं तर म्हणायचा, "एकट्यानं काय बसायचं मामा? सगळी बघत्यात." बघतंय कोण? पण हे त्याला सांगून पटणारं नव्हतं. ताईचा दर रविवारी फोन : "पोरगं पार वाळलंय. जमत नसंल तर लावून दे परत."

त्या शनिवारी तीन कॉल होते. पहिला ग्रँट रोडला, एका इराण्याकडं. लोण्याचा फ्रीज थंड करत नव्हता. मागं बघितलं तर कॉइलवर बेकरीच्या पिठाचा आणि तेलकट धुळीचा बोटभर थर. ब्रश मारला, पंखा पुसला, अर्ध्या तासात काम संपलं. पूर्वी असे इराणी जवळजवळ नाक्यानाक्यावर होते. कोपऱ्याची जागा धंद्याला लाभत नाही असं आपल्याकडचे व्यापारी मानायचे, म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या, असं जुनी माणसं सांगतात. आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. धोबीतलावचं कयानी १९०४ चं. ग्रँट रोड स्टेशनबाहेरचं मेरवान १९१४ चं, त्याचे मावा केक हवे असले तर सकाळीच गाठावं लागायचं.

म्हाताऱ्या गल्लेवाल्यानं आम्हाला पाठीमागंच उभ्या-उभ्या पानी कम चहा आणि ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, दिला. पोरानं कोरडाच ब्रुन कडाकडा चावला आणि माझ्या कानात म्हणाला, "मामा, शिळा दिलाय."

"बुडव त्याला," मी म्हटलं. त्यानं बुडवला. पुढं काही बोलला नाही, पण चहावर आलेला लोण्याचा तवंग बोटानं पुसून चाटताना मी बघितलं.

दुपारी लालबाग. मावशींची खानावळ, चार टेबलं आणि एक डीप फ्रीझर. फ्रीझरचं झाकण नीट बसत नव्हतं, रबराचं गॅस्केट फाटलं होतं, त्यामुळं आत बर्फाचे डोंगर. हे काम जरा वेळ खातं; बर्फ सुरीनं खरवडला तर पाइपला भोक पडतं, म्हणून गरम पाण्याची पातेली ठेवून तो वितळू द्यावा लागतो. तेवढ्या वेळात मावशी बोलत असतात. ही खानावळ त्यांच्या सासूची. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे मेंबर, महिन्याचा हिशेब, पगाराच्या दिवशी उधारी चुकती. सासूबाईंना पहिलं बँकेचं कर्ज मिळालं ते प्रेमाताई पुरवांमुळं. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. त्याआधी ज्वारीच्या पोत्यासाठीसुद्धा सावकाराचं दार. मग १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. अडीच लाख कामगार घरी बसले, आणि तो संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही.

"मेंबर गावाला गेले ते गेले," मावशी म्हणाल्या. "वही अजून आहे माझ्याकडं. त्यातले दोघं नंतर येऊन पैसे देऊन गेले. एक तर अकरा वर्षांनी आला."

आता मेंबर म्हणजे समोरच्या टॉवरमधले ऑफिसवाले आणि वॉचमन. दोघं एकाच बाकावर बसतात, कारण बाक चारच आहेत. शनिवार असल्यानं मासळी नव्हती. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वर कच्चा कांदा. माझा डबा होता, पण मावशींपुढं डबा उघडायची कुणाची हिंमत नाही. पोराला त्यांनी तीन भाकऱ्या वाढल्या. तो लाजत होता, पण खाल्ल्या तिन्ही.

खरा दिवस सुरू झाला तो संध्याकाळी. सव्वापाचला माटुंग्याहून फोन. किंग्ज सर्कलच्या, म्हणजे आताच्या माहेश्वरी उद्यानाच्या, अलीकडं एक उडप्याचं हॉटेल आहे. ग्राइंडर बंद. बारा किलो उडीद दुपारपासून भिजलेले, आणि उद्या रविवार.

माटुंग्याचा रविवार म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. सातपासून फुटपाथवर माणसं नावं लिहून उभी असतात. शेजारी एकेक नावाजलेली मंडळी, १९४० चं कॅफे मद्रास, स्टेशनसमोर माडीवर १९४२ चं रामा नायकांचं बोर्डिंग. अशा रांगेत एखाद्या हॉटेलनं 'आज इडली नाही' अशी पाटी लावायची म्हणजे लग्नघरात नवरदेव हरवल्यासारखं. आणि इडलीचं पीठ काही सकाळी उठून होत नाही. उडीद आज वाटायचे, रवा कालवायचा, रात्रभर फुगायला द्यायचं. हातात फार तर पाच तास होते.

मोटर नुसती घुं करत होती, दगड हलत नव्हते. भाचा म्हणाला कपॅसिटर. बदलून बघितला, तरी घुं. मग ड्रम उतरवला. खालचं ऑइल सील फाटून पीठ बेअरिंगमध्ये झिरपलं होतं आणि वाळून सिमेंटसारखं घट्ट झालं होतं. असं बेअरिंग पिशवीत कुणी घेऊन फिरत नाही. ते मिळतं नागदेवी स्ट्रीटला, आणि शनिवारी तिथली शटर सातच्या आसपास पडायला लागतात. पोराच्या हातात जुनं बेअरिंग दिलं, नंबर कागदावर लिहून दिला. "मस्जिदला उतर, पश्चिमेला बाहेर पड. डुप्लिकेट घेऊ नकोस."

तो गेला आणि मी बसलो सील खरवडत. मुख्य आचारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दर दहा मिनिटांनी उडदाच्या बादलीत हात घालून वास घेत होते. पाणी बदललं. बर्फ घातला. पाऊस असला तरी किचनमध्ये उकाडाच, आणि भिजलेले उडीद तापले की पीठ हलकं होत नाही. साडेसहाला त्यांचा धीर सुटला. शेठना न विचारता दोन पोरांच्या डोक्यावर बादल्या दिल्या आणि मागच्या गल्लीनं दुसऱ्या हॉटेलात घेऊन गेले. ते दुसरं हॉटेल म्हणजे यांचे पक्के स्पर्धक. पुढच्या बाजूला दोन्ही शेठ एकमेकांच्या भावपत्रकावर डोळा ठेवून असतात. मागच्या बाजूला मात्र दोघांचे आचारी कुंदापूरकडचे, शेजारशेजारच्या गावांतले. तिथल्या ग्राइंडरवर उडीद लागले. शेठना पत्ता लागला तो बादल्या परत आल्यावर. ते फक्त म्हणाले, "त्यांच्या मिठानं नाही ना वाटलं?" अण्णा म्हणाले, "वाटताना मीठ घालतच नाही." विषय संपला.

इडली वाचली, पण डोशाचे तांदूळ राहिले होते, ते आमच्याच मशीनवर व्हायचे होते. पावणेआठ झाले तरी भाच्याचा पत्ता नाही. फोन लावला. मागं भांड्यांचा खणखणाट.

"कुठं मेलायस?"

"आलोय की मामा."

"आलायस तर मग कुठायस?"

"इथंच. पुढं."

मी हात पुसत पडदा बाजूला केला. आमचं पोरगं दोन नंबरच्या टेबलावर, बेअरिंगचा डबा मांडीवर ठेवून, सांबारात बुडालेला वडा चमच्यानं तोडत होतं. समोर एक धोतर नेसलेले आजोबा. पावसात भिजत आला, गल्लीतलं दार कुठलं ते कळेना, म्हणून पुढून शिरला. वेटरनं त्याला गिऱ्हाईक समजून "एक बसेल, एक बसेल" करत आजोबांसमोर कोंबला. "उठणार होतो मामा," तो नंतर म्हणाला, "पण त्यानं पाणी आणून ठेवलं. मग कसं उठायचं?"

ओरडायला तोंड उघडलं आणि थांबलो. आजोबा त्याला कॉफी कशी प्यायची ते दाखवत होते. पितळी पेला वाटीतून काढायचा, वरून वाटीत ओतायचा, परत पेल्यात. फेस आला पाहिजे. पोरानं हात फार उंच नेला आणि निम्मी कॉफी टेबलावर सांडली. आजोबांनी न बोलता आपल्या वाटीतली थोडी त्याच्या वाटीत ओतली आणि पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या खेपेला जमलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. तोही हसला. चार महिन्यांत दिव्याच्या खोलीवर मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. सतरा वर्षं मी त्या किचनमध्ये जातोय. त्या पडद्याच्या पलीकडून हॉटेल कसं दिसतं हे मी पहिल्यांदा बघत होतो, तेही अर्धवट, पडदा धरून. तीन मिनिटं थांबलो. तांदूळ थांबले असते.

बेअरिंग अस्सल होतं. पुलर लावून जुनं ओढून काढण्यात तासभर गेला, नवं बसवलं, नवं सील घातलं. साडेनऊला दगड फिरले. उडीद आणि रवा अण्णांनी कोपरापर्यंत हात बुडवून कालवला. डाव का नाही घेत, असं भाच्यानं विचारलं. "हाताची ऊब लागते त्याला," अण्णा म्हणाले. खरं असेल नसेल, पण सगळे आचारी हेच सांगतात. शेवटचा घाणा निघेपर्यंत एक वाजला, शेवटची लोकल गेली होती. स्टाफबरोबर बाकांवर आडवे झालो.

साडेपाचला भाच्यानंच मला उठवलं. पातेल्यांवरची झाकणं पिठानं उचलून धरली होती. पहिला घाणा उतरला तशी अण्णांनी एक इडली मधोमध फोडली, जाळी बघितली आणि दोन्ही अर्धी आमच्या हातावर ठेवली. मग बशीत आणखी चार. चटणी अजून वाटायची होती. आम्ही कोरड्याच खाल्ल्या, हात भाजत, मोरीपाशी उभे राहून.

निघताना शेठनी बिल न घासता दिलं, वर रात्रपाळीचे दोनशे जास्त. मग गल्ल्यातून एक चिठ्ठी काढून पुढं सरकवली. सांबार वडा एक, कॉफी एक.

"शेठ, हा आपलाच पोरगा," मी म्हटलं. "आणि सकाळच्या इडल्या?"

"त्या मागं खाल्ल्या. त्याचं कसलं बिल?" शेठ म्हणाले. "संध्याकाळी हा पुढून आला होता ना."

भाच्याचा हात तोवर खिशात गेला होता. नोट काढून त्यानं गल्ल्यावर ठेवली, सुटे परत घेतले, बडीशेपेच्या वाटीतून चिमूटभर उचलली. मी अडवलं नाही.