मत्स्यालयातले पाच जण

सासूबाई, आम्ही दोघे, दहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी अशा पाच जणांनी मोठे मत्स्यालय एका दिवसात पाहायचे, तर नुसती तिकिटे काढून भागत नाही, हे मला पहिल्याच तासात कळले. प्रवेशाची सर्वांत लवकरची वेळ निवडली होती, तेवढा एक निर्णय बरोबर ठरला. मात्र आत शिरल्यावर प्रत्येक टाकीपुढे थांबून पाटी वाचण्याचा माझा हट्ट नडला. समुद्रघोड्यांपर्यंत पोहोचायलाच पाऊण तास गेला. (त्यांच्यात पोटावरच्या पिशवीत पिल्ले नर वाढवतो, हे वाचून सासूबाईंनी आपल्या मुलाकडे जो कटाक्ष टाकला, त्यासाठी तो पाऊण तास मी माफ करते.)

मुख्य टाकीपाशी शार्क सरळ आमच्या दिशेने आला, तशी धाकटी किंचाळून माझ्यामागे दडली. पाण्यातून बाहेर पडताना प्रकाशकिरण वळतात, त्यामुळे सपाट पारदर्शक भिंतीपलीकडचा मासा असतो त्यापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ आणि म्हणून मोठा भासतो, हे तिच्या दादाने तिला पेल्यातल्या चमच्याचे उदाहरण देऊन सांगितले. तिला ते अजिबात पटले नाही. शार्कला वेळच्या वेळी खायला घालतात, म्हणून तो शेजारच्या माशांच्या वाटेला सहसा जात नाही, असे तिथल्या कर्मचाऱ्याने समजावले, तेव्हा कुठे ती माझ्या कमरेआडून डोकावू लागली.

दुपारपर्यंत सासूबाईंचे गुडघे बोलू लागले आणि आम्ही पाट्यांचा नाद सोडला. मोठ्या टाकीत पाणबुडे मासे भरवू लागताच सगळी गर्दी तिकडे लोटली. आम्ही उलट दिशेला गेलो, तर जेलीफिशचे अंधारे दालन जवळपास रिकामे मिळाले. त्या टाक्यांना कोपरे नव्हते. जेलीफिश प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाही आणि कोपऱ्यात अडकून फाटते, म्हणून तिला गोल टाकीत, सतत संथ फिरणाऱ्या पाण्यात ठेवावे लागते. मेंदू नाही आणि हृदयही नाही, हे ऐकल्यावर मुलाने विचारले, "मग ती दमते का?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

शेवटी ऑक्टोपसच्या टाकीसमोरच्या बाकावर बसलो. वीस मिनिटे फक्त दगड दिसत होते, आणि माझा नवरा टाकी रिकामीच आहे असे म्हणत असतानाच त्यातला एक दगड हलला. तपकिरी कातडीवर पांढुरके ठिपके उमटले, एक भुजा भिंतीवर पसरली आणि तिचे चूषक एकेक करून चिकटले, मग तसेच एकेक करून सुटले. सासूबाईंनी अलीकडून बोट टेकवले. वरचा मजला पाहायचा राहिला होता, पण उठायला कोणी तयार नव्हते. धाकटी चूषक मोजत होती. वीसच्या पुढचे आकडे येत नसल्याने ती दर वेळी पुन्हा एकपासून सुरुवात करत होती.