प्लेसच्या कानातले खडे : सहाव्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत, लेप या चपट्या माशाच्या डोक्यातून ओटोलिथ, म्हणजे कानातले खडे, न फोडता काढायला हात बसला, इथपर्यंत आलो होतो. माशाच्या आतल्या कानात चुन्याच्या खड्यांच्या तीन जोड्या असतात आणि वय वाचण्यासाठी त्यांतली सर्वांत मोठी जोडी घ्यायची असते, हे खड्यांवरच्या रेषा मोजून माशाचे वय ओळखण्याच्या या छंदातल्या मंडळींना सांगायला नको. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेल्या लेपांवर पाच महिने हात साफ केला, पण वय मात्र एकाचेही खात्रीने सांगता आले नाही. खडा जेमतेम बाजरीच्या दाण्याएवढा, त्यावरच्या रेषा पुसट आणि मुळात त्या वर्षाच्याच आहेत याची खात्री नाही, अशी तिहेरी अडचण होती. आपल्याकडच्या समुद्रात मासा वाढ थांबवून बसावा इतका कडक हिवाळा नसतो, त्यामुळे खड्यावर उमटलेली रेषा पावसाळ्याची, अंडी घालण्याच्या काळाची की आणखी कशाची, हे नुसते पाहून ठरत नाही. लेपचे आयुष्यही दोन-तीन वर्षांचेच असते. वाचायला शिकायचे तर ठळक अक्षरांचे पुस्तक हवे आणि ते थंड पाण्यातच छापले जाते, असे माझे मत होत चालले होते.

ते पुस्तक जूनमध्ये हाती आले. माझी भाची नेदरलंड्समध्ये असते. मे महिन्यात तिने तिथल्या मासळीवाल्याकडून डोक्यासकट चार प्लेस (तिकडच्या थंड समुद्रातला चपटा मासा) घेतले, मी कॉलवरून सांगत गेलो तसे डोळ्यांच्या थोडे मागे सुरीने आडवे कापून चिमट्याने खडे काढले, धुऊन वाळवले आणि जुन्या फिल्मच्या डबीत कापसात ठेवून पुण्याला येताना आणले. चारही माशांची लांबी तिने पट्टीवर मोजून लिहिली होती : २९, ३१, ३४ आणि ३८ सेंटिमीटर. युरोपीय संघात प्लेस किमान २७ सेंटिमीटरचा असल्याशिवाय विकता येत नाही, त्यामुळे त्याहून लहान मासा डबीत असण्याची शक्यता नव्हतीच. नर-मादी मात्र कळले नाही, कारण तिथे मासा बोटीवरच पोट साफ करून बंदरात येतो. ही उणीव लहान नाही. प्लेसचे नर लवकर वयात येतात आणि त्यानंतर त्यांची वाढ मंदावते, माद्या उशिरा वयात येतात आणि मोठ्या होतात; तेव्हा ३४ सेंटिमीटरचा मासा मध्यमवयीन मादी असू शकतो, तसाच म्हातारा नरही.

डबी उघडली आणि पहिल्याच नजरेत फरक कळला. प्लेसचा खडा तुरीच्या डाळीएवढा भरतो, चपटा असतो आणि काळ्या कागदावर पाण्याच्या थेंबात ठेवून बाजूने उजेड टाकला की त्याच्यावरचे पट्टे नुसत्या भिंगातूनही दिसतात. उन्हाळ्यातल्या वाढीचा पट्टा रुंद व दुधाळ, तर हिवाळ्याचा पट्टा अरुंद व काचेसारखा असतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर तो काळा दिसतो. एक दुधाळ आणि एक काळा मिळून एक वर्ष. १८९९ मध्ये योहानेस रायबिश या जर्मन अभ्यासकाने ओटोलिथवरून वय वाचण्याची पद्धत प्रथम मांडली ती याच माशावर, आणि ती याच माशावर का सुचली असेल हे त्या संध्याकाळी पुरते पटले.

एकाच माशाचे दोन खडे एकसारखे नसतात, हे वाचून माहीत होते, पाहिले पहिल्यांदा. प्लेस अंड्यातून बाहेर येतो तेव्हा इतर माशांसारखाच सरळ पोहतो आणि त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. साधारण सेंटिमीटरभर लांबीचा झाला की डावा डोळा कपाळावरून सरकत उजव्या बाजूला येतो, कवटी पिळवटते आणि मासा डाव्या कुशीवर तळाशी पडतो, तो कायमचाच. कवटीचा हा पीळ खड्यांतही उतरतो : एका खड्यात गाभा जवळपास मध्यावर राहतो, दुसऱ्यात तो एका कडेला सरकलेला असतो. (पोट खाली धरून डोळ्यांची बाजू आपल्याकडे केली तर प्लेसचे डोके उजवीकडे येते आणि आपल्या लेपचे डावीकडे. आपल्या भाकस या चपट्या माशात मात्र दोन्ही प्रकारचे मासे सापडतात. तो मिळाला तर डोके टाकू नका, माझ्यासाठी ठेवा.)

आता वाचनाचे. २९ सेंटिमीटरच्या माशात तीन काळे पट्टे मिळाले आणि त्यांत वाद नव्हता. ३१ च्या माशात पहिल्या वेळी पाच मोजले, आठवड्याने वही न पाहता पुन्हा मोजले तर चार. दोन दिवस त्यावर काढल्यावर चूक सापडली : गाभ्याजवळ एक बारीक, अपुरे कडे होते, ते खड्याभोवती पूर्ण फिरत नव्हते आणि मी ते पहिला हिवाळा म्हणून धरले होते. वाढीत मध्येच खंड पडला की अशी खोटी कडी उमटतात आणि नवशिक्याला फसवतात. मासा मे महिन्यातला असल्याने कडेचाही प्रश्न होता. उत्तर गोलार्धातल्या माशांचा वाढदिवस सोयीसाठी १ जानेवारी धरतात, म्हणून मेमधल्या माशाचा सरलेला हिवाळा मोजायचाच, मग त्याच्या बाहेर दुधाळ कड उमटलेली असो वा नसो. वयस्क माशात ती उशिरा दिसू लागते. हा नियम मी ३४ च्या माशाला लावला नव्हता, म्हणून त्याचे पाच वर्षांचे सहा झाले.

३८ सेंटिमीटरच्या माशाने मात्र घाम काढला. खडा जाड होता आणि कडेचे पट्टे एकमेकांत मिसळत होते. अशा खड्यासाठी मोडून भाजण्याची रीत आहे : गाभ्यातून बरोबर मधोमध मोडायचा, मोडलेली बाजू स्पिरिटच्या दिव्यावर तपकिरी होईपर्यंत धरायची आणि तेलाचा थेंब लावून भिंगाखाली पाहायची. हिवाळ्याच्या पट्ट्यात प्रथिने जास्त असल्याने तो आधी करपतो आणि गडद रेघ होऊन उठून दिसतो. पहिला खडा मी ज्योतीत फार वेळ धरला. तो आधी काळा, मग राखाडी झाला आणि चिमट्यातच भुरभुरला. जोडीतला दुसरा उरला होता, पण हात इतका थरथरत होता की त्या दिवशी तसाच डबीत परत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो ज्योतीत न नेता तिच्या शेजारी धरला, बदाम भाजावा तसा, आणि भिंगाचे तेल संपले असल्याने खोबरेल तेल लावले. सात रेघा स्वच्छ दिसल्या. वरून पाहताना पाचच मोजता आल्या होत्या.

या दोन वर्षांच्या फरकावर मी बराच वेळ अडकलो, कारण पॅसिफिक हॅलिबट या दुसऱ्या चपट्या माशाच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९२३ च्या करारातून अमेरिका आणि कॅनडा यांनी या एका माशासाठी आयोग नेमला, तेव्हापासून तो दोन्ही देशांचे हॅलिबट सांभाळतो. तिथेही दीर्घकाळ खडा वरून पाहूनच वय ठरवत. म्हातारे मासे त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा तरुण ठरत. आता खडा मोडून भट्टीत भाजतात. नव्या आकड्यांची खात्री करायला अणुचाचण्यांमुळे समुद्रात उतरलेला किरणोत्सारी कार्बन उपयोगी पडला : १९५० आणि १९६० च्या दशकांत जन्मलेल्या माशांच्या खड्यांच्या गाभ्यात त्याची वाढती पातळी कैद झालेली असते, म्हणून जन्मवर्ष कड्यांवर न विसंबताही पडताळता येते. हॅलिबट पन्नाशी ओलांडू शकतो. वय कमी मोजले तर मासा झपाट्याने वाढतो आणि लवकर मरतो असे चित्र उभे राहते, आणि अशा माशाचा साठा जास्त मासेमारी सोसेल असा हिशेब निघतो. चूक भिंगाखाली होते आणि भरपाई समुद्राला करावी लागते.

प्लेसचा इतिहास वाचताना वयाच्या आकड्यांचा दुसरा उपयोग कळला. एखाद्या वर्षी जन्मलेली पिढी किती मोठी आहे, हे पुढची कित्येक वर्षे खड्यांत मोजता येते. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात प्लेस ऐन हिवाळ्यात अंडी सोडतो; अंडी तरंगत किनाऱ्याकडे जातात आणि पिल्ले नेदरलंड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतच्या वाडेन समुद्राच्या उथळ वाळूत उतरतात. १९६२-६३ आणि १९९५-९६ चे हिवाळे कडाक्याचे होते आणि १९६३ व १९९६ च्या पिढ्या असाधारण मोठ्या निघाल्या. नुकत्या तळाशी उतरलेल्या पिल्लांना खाणारी तपकिरी कोळंबी कडक थंडीनंतर कमी होते किंवा उशिरा येते, हे त्याचे एक कारण मानले जाते. थंडीने मासा मरेल अशी माझी भाबडी समजूत होती. इथे थंडीच पाळणा हलवते.

या पिल्लांना वाचवण्यासाठी १९८९ मध्ये किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्यात ३०० अश्वशक्तीवरच्या बीम ट्रॉलरना (दांड्याने तोंड उघडे ठेवलेले जाळे तळावरून ओढणाऱ्या बोटींना) वर्षातला काही काळ बंदी झाली आणि १९९५ पासून ती बारमाही झाली. कारण सरळ होते. त्या ट्रॉलरना मुख्यतः सोल हा दुसरा चपटा मासा हवा असतो, सोलची किमान लांबी २४ सेंटिमीटर, म्हणून जाळ्याची आस, म्हणजे भोकाचे माप, ८० मिलिमीटर. लहान, निमुळता सोल त्या आसेतून निसटतो, पण रुंद अंगाचा लहान प्लेस जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत अडकून राहतो आणि २७ सेंटिमीटरला पोहोचण्याआधीच, बहुधा मेलेला, परत समुद्रात फेकला जातो. बंदीचे फळ मात्र अपेक्षेप्रमाणे मिळाले नाही. लहान बोटी आत चालूच राहिल्या आणि पुढे प्लेसची पिल्लेच किनारा सोडून खोल पाण्याकडे, म्हणजे बंदीच्या रेषेबाहेर सरकली. पाणी तापणे हे त्याचे एक संभाव्य कारण. मच्छीमारांचा विश्वास उडाला आणि मला त्यांचे फारसे चुकले असे वाटत नाही. साठा सावरला तो युरोपीय संघाच्या २००७ च्या बहुवार्षिक योजनेच्या काळात, जेव्हा एकूण मासेमारीचाच दाब उतरत गेला. पुढच्या दशकात प्रजननक्षम प्लेसचा साठा नोंदी सुरू झाल्यापासूनच्या उच्चांकाला पोहोचला. नकाशावर रेषा आखणे सोपे असते, बोटी कमी करणे अवघड.

आपल्याकडे वयाचे आकडे मिळत नसल्याने लांबीवर भागवावे लागते : दर महिन्याला शेकडो मासे मोजायचे आणि सर्वाधिक मासे ज्या लांबीचे भरतात ते आलेखातले उंचवटे महिन्यागणिक कसे सरकतात ते पाहून वाढीचा वेग काढायचा. केरळने मलबारी लेपसाठी ९ सेंटिमीटर ही किमान लांबी ठरवली आहे. पुण्यात मी ही मोजणी करू पाहिली आणि थांबलो, कारण इथे येणारा माल निवडून, प्रतवारी होऊन येतो. लहान लेप वाटेतच वेगळा पडतो. हॉटेलात ‘सोल’ म्हणून जे येते त्याचा तर विचारच नको, तो बहुतेक वेळा मेकाँगकडचा बासा असतो, म्हणजे चपटा मासाच नव्हे.

सध्या आपल्याकडे यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरची पावसाळी बंदी चालू आहे, ती ३१ जुलैला संपेल. बाजारातल्या मावशींना मी आधीच सांगून ठेवले आहे. “मावशी, लेप सोलून द्या, पण डोकी वेगळी ठेवा,” म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मांजरासाठी ना दादा? मग कल्ले पण घेऊन जा.” मांजर नाही, हे पुन्हा समजावत बसलो नाही. दमट हवेने भिंगावर बुरशी धरू नये म्हणून सूक्ष्मदर्शक तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. ३१ च्या माशाचा दुसरा खडा अजून मोडलेला नाही. तो भाजला की चार खरे की पाच, याचा निकाल लागेल.